आद्यपेशीचा उगम : रसायनांतून सजीवाकडे

पृथ्वीवरील पहिला सजीव कोठून आला, हा प्रश्न विज्ञानाच्या तासाला एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो आणि पुष्कळदा तो अनुत्तरितच राहतो. त्याचे कारण शिक्षकांची अनास्था हे नव्हे. प्रश्नच असा आहे की, त्याच्या उत्तरात विज्ञानाचे दोन प्रस्थापित सिद्धांत प्रथमदर्शनी परस्परांच्या विरोधात उभे राहतात.

जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८५८ साली आपल्या व्याख्यानांतून असे प्रतिपादन केले की, प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्मते. पाठोपाठ फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी असलेल्या काचपात्रांत रस उकळून ठेवला आणि बाहेरील जंतूंचा शिरकाव झाला नाही तर तो रस नासत नाही, हे सिद्ध केले. त्याबद्दल १८६२ साली त्यांना पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. पूर्वी कुजक्या मांसातून अळ्या आणि चिखलातून बेडूक आपोआप निपजतात, अशी समजूत युरोपात रूढ होती. आपल्याकडील जुन्या ग्रंथांतही शेणापासून विंचू उत्पन्न होतो, असा दृष्टांत आढळतो. पाश्चर यांच्या प्रयोगांनी या समजुतींना कायमची मूठमाती दिली.

तथापि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे असून आरंभी ती तप्त व निर्जीव होती, हेही तितकेच निश्चित आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा प्रदेशात सूक्ष्मजीवांच्या थरांपासून बनलेले जे खडक सापडले आहेत, ते सुमारे ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे या दोन काळांच्या दरम्यान केव्हातरी, निदान एकदा, पेशीवाचून पेशी निर्माण झाली असली पाहिजे. पाश्चर यांनी काही आठवडे वा महिने ठेवलेल्या काचपात्रात काय घडत नाही, ते दाखविले. कोट्यवधी वर्षे, साऱ्या पृथ्वीच्या पृष्ठभागावर, प्राणवायूविरहित वातावरणात काय घडू शकते, हा प्रश्न त्यांच्या प्रयोगाच्या कक्षेबाहेरचा होता. अतएव दोहोंत खरा विरोध नाही. मात्र त्या काळचे खडक बहुतांशी नष्ट झाले असल्याने या घटनेचा थेट पुरावा भूगर्भात मिळण्याची आशा फारशी नाही. प्रयोगशाळेत ती वाट पुन्हा चालून पाहणे, एवढाच मार्ग शास्त्रज्ञांपुढे राहिला.

वादळ काचेच्या पात्रातील

या दिशेने पहिला सुसंगत विचार रशियन शास्त्रज्ञ अलेक्सांद्र ओपारिन यांनी १९२४ साली एका पुस्तिकेत मांडला. १९२९ साली इंग्रज शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी स्वतंत्रपणे तसाच विचार प्रकट केला. आद्य वातावरणात मुक्त प्राणवायू नव्हता. सूर्याचे अतिनील किरण व विजा यांच्या योगाने साध्या वायूंपासून सेंद्रिय पदार्थ तयार होऊन समुद्राचे जणू पातळ सार बनले असावे, असे या विचाराचे सूत्र होते. हे हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले, येथील नागरिक झाले, आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

प्रत्यक्ष प्रयोगाला मात्र १९५२ साल उजाडावे लागले. शिकागो विद्यापीठात हॅरल्ड युरी यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या स्टॅन्ली मिलर या तरुणाने काचेच्या बंद उपकरणात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व पाण्याची वाफ भरून त्यात विजेच्या ठिणग्या पाडल्या. काही दिवसांतच पाण्याला तांबूस रंग चढला. त्यात ग्लायसिन, ॲलनिन यांसारखी ॲमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे मूळ घटक, आढळून आले. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी जगभर खळबळ उडाली. मिलर २००७ साली निवर्तले. त्यांनी त्याच सुमारास ज्वालामुखीच्या वाफेचे अनुकरण करून केलेल्या दुसऱ्या एका प्रयोगाच्या कुप्या जपून ठेवलेल्या सापडल्या. २००८ साली आधुनिक उपकरणांनी तपासणी करता त्यांत बावीस ॲमिनो आम्ले मिळाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मिलर यांनी घेतलेले वायूंचे मिश्रण आद्य वातावरणाशी जुळत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजन यांचेच प्राबल्य असावे, असे पुढील संशोधकांचे मत झाले. परंतु त्यामुळे मूळ मुद्दा डळमळला नाही, कारण तेच पदार्थ आकाशातूनही येतात, असे लवकरच दिसून आले. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियातील मर्चिसन गावाजवळ एक अशनी कोसळला. श्रीलंकेत जन्मलेले व मद्रासला शिकलेले शास्त्रज्ञ सिरिल पोन्नम्पेरुमा आणि त्यांचे सहकारी यांनी त्यात ॲमिनो आम्ले असल्याचे १९७० साली जाहीर केले. अगदी अलीकडे, २०२३ सालच्या सप्टेंबरमध्ये बेन्नू या लघुग्रहावरील माती अमेरिकन यानाने पृथ्वीवर आणली. सजीवांच्या प्रथिनांत असणाऱ्या वीस ॲमिनो आम्लांपैकी चौदा आणि आनुवंशिक रेणूंमधील पाचही नत्रयुक्त घटक तीत आढळल्याचे २०२५ साली प्रसिद्ध झाले.

एवढ्यावरून जीवोत्पत्तीचे कोडे उलगडले, असे समजणे म्हणजे विटांचा ढीग पाहून घर बांधून झाले असे मानण्यासारखे होय.

अलाहाबादचा ‘जीवाणू’

घर बांधण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. ओपारिन यांनी चिकट सेंद्रिय द्रावणांतून वेगळे होणारे सूक्ष्म थेंब अभ्यासले. अमेरिकेत सिडनी फॉक्स यांनी कोरडी ॲमिनो आम्ले तापवून प्रथिनसदृश पदार्थांचे सूक्ष्म गोलक बनविले. आपल्या देशात अलाहाबाद विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ कृष्ण बहादूर यांनी १९६० च्या दशकात फॉर्मल्डिहाइड, अमोनियम मॉलिब्डेट, फॉस्फेट व इतर क्षारांचे द्रावण उन्हात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली गोलाकार कण दाखविले. हे कण वाढतात, त्यांना अंकुर फुटतात, असे त्यांचे म्हणणे होते. जीव आणि अणू या दोन शब्दांवरून त्यांनी या कणांना ‘जीवाणू’ असे नाव दिले. (मराठीत हाच शब्द बॅक्टेरियासाठी रूढ झाल्याने वाचकांचा गोंधळ होण्याचा संभव आहे.) अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९६७ साली या प्रयोगांचा आढावा घेतला, परंतु त्या कणांना सजीव म्हणण्याजोगा पुरावा नाही, असे मत पडले. पुढे बराच काळ या कामाचा उल्लेखही कोणी फारसा केला नाही.

यात कृष्ण बहादूर यांच्या कष्टांना उणेपणा येत नाही. गोल दिसणे, फुगणे आणि दुभंगणे एवढ्याने वस्तू सजीव ठरत नाही, ही अडचण ओपारिन व फॉक्स यांच्या गोलकांनाही तितकीच लागू होती. पेशीला स्वतःचे आवरण हवे; आपली घडण पुढील पिढीच्या हाती देणारा रेणू हवा; बाहेरून कच्चा माल व ऊर्जा घेण्याची सोय हवी; आणि या साऱ्यांचा एकमेकांशी मेळ बसायला हवा. खरी परीक्षा या मेळाची आहे.

साबणाचा पुरावा

आवरणाच्या बाबतीत निसर्गाने काम अनपेक्षितपणे सोपे करून ठेवले आहे. साबण ज्यापासून बनतो त्या मेदाम्लाच्या रेणूला एक डोके व एक लांब शेपूट असते. डोक्याला पाणी प्रिय, शेपटाला पाण्याचे वावडे. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले आणि पाण्याचा आम्लपणा योग्य प्रमाणात असला, तर शेपटे आत व डोकी बाहेर अशा दुपदरी रांगा ते आपोआप लावतात. या दुपदरी पडद्याच्या कडा उघड्या राहू शकत नाहीत. म्हणून तो वळतो, मिटतो आणि त्याची पाण्याने भरलेली बंद पिशवी बनते. शास्त्रज्ञ तिला पुटिका म्हणतात. कोणी कारागीर नाही, साचा नाही. आपल्या देहातील प्रत्येक पेशीचे पटलही याच तत्त्वावर उभे आहे. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाएवढी असते.

१९८५ साली अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड डीमर यांनी मर्चिसन अशनीचा तुकडा कुटून त्यातील सेंद्रिय अर्क वेगळा केला व पाण्यात मिसळला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना पुटिका दिसल्या. पृथ्वीवर सजीव नसतानाच्या काळातील द्रव्यातूनही पेशीचे कवच तयार होऊ शकते, याचे याहून बोलके प्रात्यक्षिक क्वचितच सापडेल.

आजच्या पेशीपटलातील मेदरेणू दोन शेपटांचे व अधिक गुंतागुंतीचे असतात. त्यांचा पडदा इतका घट्ट असतो की, आत-बाहेर ये-जा करण्यासाठी प्रथिनांची खास दारे लागतात. आद्यपेशीजवळ अशी दारे कोठून असणार? साध्या मेदाम्लांचा पडदा मात्र काहीसा पाझरतो. लहान रेणू त्यातून आत शिरतात आणि आत जोडले जाऊन लांब झाले की बाहेर पडू शकत नाहीत. जे आज दुबळेपण वाटते, तेच तेव्हा सोयीचे होते.

हार्वर्ड येथे जॅक शोस्टाक यांच्या प्रयोगशाळेत या पुटिकांना नवी मेदाम्ले खाद्य म्हणून पुरविली असता त्या लांबट, दोऱ्यासारख्या झाल्या, आणि पाणी नुसते हलके ढवळले गेले तरी त्या दोऱ्यांचे तुकडे होऊन पुन्हा लहान पुटिका बनल्या. आतील माल या विभाजनात सांडला नाही. हे काम २००९ साली प्रसिद्ध झाले. वाऱ्याने हलणाऱ्या डबक्यात यापेक्षा वेगळे काय घडते?

काळ्या मातीतील खनिज

विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला काळी कापसाची जमीन ओळखीची आहे. वैशाखात तिला हातभर भेगा पडतात, आषाढात ती फुगून भेगा बुजतात, आणि पाऊल टाकावे तो चिखल वहाणेसकट ओढून घेते. हा गुण ज्या चिकणखनिजांमुळे येतो, त्या गटातील प्रमुख खनिजाचे नाव माँटमोरिलोनाइट असे आहे. अतिशय पातळ पापुद्र्यांची चळत असे त्याचे स्वरूप असते. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की ते फुगते, आणि पापुद्र्यांवरील विद्युतभारामुळे निरनिराळे रेणू त्याला चिकटून राहतात. पिकाला खत धरून ठेवण्याचे सामर्थ्य या जमिनीत येते, ते याच कारणाने.

अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स फेरिस यांनी १९९० च्या दशकात असे दाखविले की, आरएनए या आनुवंशिक रेणूचे सुटे घटक रासायनिक दृष्ट्या सज्ज करून या खनिजाच्या सान्निध्यात ठेवले असता ते एकमेकांना जोडले जाऊन साखळ्या बनतात. पन्नासपर्यंत दुव्यांच्या साखळ्या त्यांनी मिळविल्या. २००३ साली शोस्टाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची पायरी गाठली. मेदाम्लांपासून पुटिका बनण्याचा वेग हेच खनिज सुमारे शंभरपटीने वाढविते, आणि त्याच्या कणावर आरएनए चिकटलेला असेल तर तो कणासह पुटिकेच्या आत जातो, असे त्यांना आढळले. एकाच मातीने साखळी गुंफावी, तीच मातीने पिशवीत घालावी, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

येथे गैरसमज मात्र नको. आपली काळी जमीन दख्खनच्या ज्या अग्निजन्य खडकापासून झाली, तो अवघा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. जीवोत्पत्ती त्यापूर्वी तीनशे कोटींहून अधिक वर्षे आधीच होऊन गेली होती. नाते आहे ते खनिजाच्या जातीचे. ज्वालामुखीची राख व अग्निजन्य खडक पाण्याने झिजले की अशी माती होते आणि आद्य पृथ्वीवर या दोहोंची वाण नव्हती.

वारसा आणि कार्य एकाच रेणूत

आजच्या पेशीत वारसा डीएनएकडे आणि कामकाज प्रथिनांकडे आहे. डीएनएची नक्कल करण्यास प्रथिने लागतात. प्रथिने घडविण्यास डीएनएतील मजकूर लागतो. आधी कोण, या वादात संशोधन बराच काळ अडकून पडले. १९८२ साली थॉमस चेक यांना एका एकपेशीय जीवातील आरएनए कोणत्याही प्रथिनाच्या मदतीवाचून स्वतःचीच काटछाट व जोडणी करताना आढळला. सिडनी ऑल्टमन यांनीही आरएनए उत्प्रेरकाचे काम करतो, असे दाखविले. दोघांना १९८९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मजकूर बाळगणारा आणि काम करणारा रेणू एकच असू शकतो, हे यावरून ठरले.

या मताला सर्वांत बळकट आधार पुढे रायबोसोमच्या रचनेतून मिळाला. प्रत्येक पेशीतील प्रथिने तयार करणारा हा कारखाना. त्याची अणुपातळीवरील रचना उलगडणाऱ्या तिघांत, २००९ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी व चिदंबरम येथे जन्मून बडोद्यास शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन यांचा समावेश होतो. या कारखान्यात ॲमिनो आम्लांची जोडणी ज्या जागी होते, तेथे प्रथिन नाही, आरएनए आहे. म्हणजे प्रथिनांच्या आधीच्या राज्यातील एक अधिकारी आजही आपल्या जागेवर काम करीत बसला आहे!

जड पाण्याची अडचण

आवरण मिळाले, आरएनए मिळाला. तर दोन्ही एकत्र ठेवले की झाले, असे वाटेल. पण नेमके येथेच घोडे अडते. प्रथिनांच्या मदतीवाचून आरएनएची नक्कल होण्यास पाण्यात मॅग्नेशियम भरपूर लागते, आणि मॅग्नेशियम तर मेदाम्लांच्या पडद्याचा वैरी. ज्या गावच्या विहिरीचे पाणी जड आहे तेथील गृहिणींना हे रसायनशास्त्र शिकवावे लागत नाही. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट पांढरा साका धरतो. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाच्या रेणूंना धरून खाली बसवितात. आद्यपुटिकेचीही हीच गत होते. वारसा टिकवावा तर घर कोसळते, घर राखावे तर वारसा खुंटतो.

२०१३ साली कॅटार्झिना अदामाला व शोस्टाक यांनी या पेचातून एक वाट काढली. लिंबात ज्याचे आम्ल असते ते सायट्रेट पाण्यात घातले असता ते मॅग्नेशियमला असे धरून ठेवते की, पडद्याला त्याचा उपद्रव होत नाही, परंतु आरएनएच्या नकलेत मात्र अडथळा येत नाही. पुटिकेच्या आत, पुटिका शाबूत असताना, आरएनएच्या साच्यावर नवी साखळी उतरली. तरी आद्य पृथ्वीवर पुरेसे सायट्रेट कोठून आले असते, ही शंका राहतेच, आणि त्याच्या जागी दुसरा एखादा साधा पदार्थ हे काम करू शकेल का, याचा शोध सुरू आहे.

समुद्र की डबके?

या अडचणीमुळे जीवोत्पत्तीच्या जागेविषयीचा वादही बदलला आहे. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ समुद्राच्या तळाशी उष्ण पाण्याची मुखे सापडली व त्यांच्याभोवती सूर्यप्रकाशावाचून जगणारी समृद्ध जीवसृष्टी आढळली. २००० साली अटलांटिक महासागरात क्षारधर्मी पाण्याची सौम्य उष्ण मुखे मिळाली. त्यांच्या सच्छिद्र खडकांत ऊर्जेचा अखंड पुरवठा असतो. म्हणून अनेकांचा कौल समुद्रतळाला आहे. परंतु समुद्राच्या एका लिटर पाण्यात आज सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असते. हे जड पाण्याचे टोकच होय. शिवाय भोवती पाणीच पाणी असता रेणूंनी एकत्र यावे कसे? यावर लंडनच्या संशोधकांनी २०१९ साली असे उत्तर दिले की, मेदाम्लांबरोबर मेद-अल्कोहोलांचे मिश्रण घेतले तर उष्ण, खाऱ्या व क्षारधर्मी पाण्यातही पुटिका तयार होतात.

दुसरा पक्ष जमिनीवरील ज्वालामुखी प्रदेशातील गोड्या पाण्याच्या डबक्यांचा आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली एका मित्राला लिहिलेल्या पत्रात अशाच लहानशा कोमट तळ्याची कल्पना केली होती. कोकणच्या सड्यावरील पाण्याचे खळगे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या पक्षाचे म्हणणे चटकन उमगेल. पाऊस आला की खळगा भरतो, ऊन पडले की आटतो. आटताना त्यातील द्रव्ये दाट होतात, रेणूंमधील पाणी निघून जाऊन ते एकमेकांना जोडले जातात. पुन्हा पाणी आले की मेदरेणूंच्या पुटिका बनतात आणि जोडलेल्या साखळ्या त्यांत अडकतात. दर फेरीला नवा डाव. पुण्याच्या आयसर या संस्थेतही ओल्या-सुक्या फेऱ्यांत आरएनएसदृश रेणू व मेदाचे पडदे यांचे काय होते, याविषयी संशोधन चालते. समुद्रतळ की डबके, हा निवाडा झालेला नाही. परंतु आजवरच्या प्रयोगांचे पारडे डबक्याच्या बाजूस अधिक झुकते, असे म्हणावयास हरकत नाही.

स्पर्धेचा आरंभ

२००४ साली शोस्टाक यांच्याच प्रयोगशाळेत झालेला एक साधा प्रयोग यापुढील वाटेचा निर्देश करतो. काही पुटिकांत आरएनए भरला, काही रिकाम्या ठेवल्या आणि दोन्ही एकत्र सोडल्या. आरएनए भरलेल्या पुटिका आत शिरणाऱ्या पाण्यामुळे ताणल्या गेल्या, आणि हा ताण हलका करण्यासाठी त्यांच्या पडद्याने शेजारच्या रिकाम्या पुटिकांतील मेदाम्ले ओढून घेतली. भरलेल्या मोठ्या झाल्या, रिकाम्या आक्रसल्या. ज्या पुटिकेत आरएनए अधिक, तिची वाढ अधिक. म्हणून ज्या आरएनएची नक्कल लवकर होईल, त्याचे घरही लवकर मोठे होईल. अद्याप येथे ना भूक आहे ना इच्छा, फक्त पाण्याचा दाब आहे. परंतु डार्विन यांनी सांगितलेली निवड येथून सुरू होऊ शकते, आणि एकदा ती सुरू झाली की पुढचे काम रसायनशास्त्राच्या हातून जीवशास्त्राच्या हाती जाते.

सर्व टप्पे एका पात्रात, बाहेरून मदत न घेता, क्रमाने घडवून आणणे आजपर्यंत कोणालाही साधलेले नाही. आरएनएने आरएनएची संपूर्ण व अचूक नक्कल करावी, ही त्यातील सर्वांत बिकट पायरी आहे. २०२४ साली अमेरिकेतील साल्क संस्थेत बनविलेल्या एका आरएनए उत्प्रेरकाने दुसऱ्या कार्यक्षम आरएनएच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या, त्याचे कार्य न बिघडविता, उतरविल्या. तथापि तो स्वतःची नक्कल अद्याप करू शकत नाही.

शाळेत या विषयाचा थोडा भाग प्रत्यक्ष दाखविता येईल. दोन स्वच्छ बाटल्यांपैकी एकीत पावसाचे साठविलेले पाणी व दुसरीत गावातील जड पाणी घ्यावे आणि दोहोंत साध्या साबणाचा सारखाच कीस घालून त्या जोराने हलवाव्यात. कपड्याची डिटर्जंट पावडर या प्रयोगास चालत नाही, कारण जड पाण्याचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. पावसाच्या पाण्यात फेस टिकून राहतो. दुसऱ्या बाटलीत काही क्षणांतच पांढरा साका दिसू लागतो.